रिंग नंबर सात

येऊरला, पाटोणापाड्याच्या वर, सागाच्या उतारावर
पांढऱ्या पाइपचे बारा तुकडे मातीत रुतवलेत.
लांबून वाटतं, प्लंबर काम अर्धवट टाकून पळाला.

मी एकेकावर डबा पालथा घालते,
तीन मिनिटं थांबते.
आत माती श्वास सोडते, आकडा चढतो.
एवढंच काम. चौथं वर्ष.

सहा तुकड्यांभोवती अ‍ॅक्रिलिकच्या भिंती.
त्यांच्यातली माती दोन अंशांनी पुढे गेलेली,
म्हणजे माझी भाची चाळिशीला येईल तेव्हाची माती.

पहिल्या वर्षी ती धापा टाकत होती.
किती पानगळींचं जपून ठेवलेलं काळं
भराभरा उडवत होती,
लग्नघरात साखरेचं पोतं उपसावं तसं.
आम्ही आलेख पाहून गप्प झालो.

तिसऱ्या वर्षी आकडे उतरले.
जुळवून घेतलं असेल, सर म्हणाले.
डबे वाहणारा जानू वरठा म्हणाला,
जुळवला नाय वो, सपला.
टोपाचा तळ खरवडल्यागत वाजतंय बघा.
वाजत काही नव्हतं.
तरी मी कान लावला.

यंदा वैशाखात, भर दुपारी,
सात नंबरचा आकडा हलेचना.
ऊन होतं, भूक असणार,
पण ओल नाही; मातीतले जीव दम खात बसलेले.
खाली घोडबंदरचे टॉवर झळांत लटपटत होते,
खिडकी-खिडकीला एक यंत्र
आतली गरमी बाहेर ढकलणारं.

तेवढ्यात माझी बाटली कलंडली.
पाव लिटर, फार तर.
डब्याच्या कडेखालून पाणी आत शिरलं,
आणि आकडा असा उठला
की गाढ झोपेत कुणी नावानं हाक मारावी.
चारशे चाळीस. सहाशे. नऊशे दहा.
डबा उचलायला हवा होता.
नाही उचलला.

वहीत लिहिलं:
नोंद बाद. कारण, पाणी सांडले.

जानूनं खांद्यावरून वाचलं.
खोटा होता काय तो?

खोटा नव्हता. नियमात बसत नव्हता.

मग डबा उघडल्यावर गेला कुठं?

वर, मी म्हटलं.

त्यानं मान उचलून पाहिलं,
बराच वेळ.
सागाला एक पान नव्हतं.