एप्रिल सोडून

कोणता महिना चांगला, असं विचारलंत.
देवमुशी बघायची तर नोव्हेंबर धरा.
आमच्या माफिया बेटावर तिला शिलिंगवाली म्हणतात:
पाठभर नाणी, खर्चत मात्र एकही नाही.

कासवाची पिल्लं जुलैत निघतात,
पण तेव्हा कुसी वारा दक्षिणेकडून सुटलेला असतो,
टोपी उडाली तर बाकारी होडी वळवत नाही.

जानेवारीअखेर समुद्र तेलासारखा निवांत.
भाडं दुप्पट. आधीच सांगितलेलं बरं.

सगळं एका आठवड्यात, पावसाशिवाय, स्वस्तात?
असला महिना माझ्या सासूनंही पाहिला नाही,
आणि तिनं तर ऐंशी रमजान पाहिले,
काही रणरणत्या उन्हातले, काही चिखलातले.

एप्रिलात विमान निम्म्यात मिळतंय म्हणता.
मिळणारच. एप्रिलात आम्ही बंद असतो.
रस्ता वाहून जातो, जनरेटर गप्प,
झावळ्यांचं छप्पर तीन ठिकाणी गळतं.
चार नंबरची खोली तेवढी कोरडी,
खिडकीभर समुद्र.
तिथल्या पलंगावर मी आणि बाकारी झोपतो,
दुपारीसुद्धा.

तेव्हा एप्रिल सोडून
कधीही कळवा.
मच्छरदाणी आहे. टॉर्च तुमचा तुम्ही आणा.

— म्वानाकोंबो