डाव्या हाताची वीत

पारव्याच्या फाट्याअलीकडे, वजनकाट्याला लागून
टिनाचं एक शेड.
पाटी नाही. बाभळीला टांगलेलं फुटकं सायलेन्सर,
तोच पत्ता.

प्रफुल पेंदोरची गाडी तिथं सात महिने उभी होती.
म्हणजे गाडी नव्हती.
नागपूरच्या भंगारातून आणलेला डिस्पोजल जिपेचा सांगाडा,
विटांच्या चार थप्प्यांवर,
कोंबड्या त्याखालून सावलीला येत-जात.

चहा पिता पिता लोक विचारायचे,
"कायले पायजे बे एवढी उंच?"
"पांदणीनं जायले."
"पांदणीनं बंडी जाते ना."
"श्रावणात जाते काय?"
मग कपबशीचाच आवाज.
आमच्याकडची काळी माती श्रावणात
बैलाचा खूरसुद्धा फुकट परत करत नाही.

मी आयटीआयला, वेल्डिंगच्या वर्गात एकटी मुलगी.
रविवारी झिंगुजी मिस्त्रीकडे पत्रा धरायला जायची.
पत्रा जिनिंगच्या मोडलेल्या हॉपरचा होता, सोळा गेज.
कापला की सरकीचा वास यायचा,
आणि टाका मारताना सांध्यात अडकलेली जुनी रुई
भस्सकन पेटायची, विझायची,
कुणाच्या तरी कापसाचं ते शेवटचं बोंड.

नाक ४०७ चं. पाटे ट्रॉलीचे, दोन जास्त.
चाकावरचे मडगार्ड मात्र विकत मिळेनात,
ते मिस्त्रीनं डांबराच्या ड्रमवर वाकवले,
लाकडी हातोड्यानं, घाई न करता,
पाहुण्याला उठवावं तसं एकेक ठोका.

टेप माझ्या खिशात असायचा.
मिस्त्री विचारायचा नाही.
"दीड वीत," म्हणायचा, आणि खडूनं रेघ.
उजव्या चाकाशी उजवा हात,
डाव्या चाकाशी डावा, जो जवळ तो.

लांबी भरायला त्याचा विरोध.
"लांबी मापात असते पोरी, डब्यात नाही.
चुकलं ते चुकलेलं दिसू दे."

रंगाच्या आदल्या दिवशी मी टेप काढला.
डावा मडगार्ड दीड इंचानं अरुंद.
पुन्हा मोजलं. दीड इंच.
दोन दिवस बोलले नाही.
तिसऱ्या दिवशी बोलले.
"टेप खोटा असन," मिस्त्री म्हणाला,
आणि मग स्वतःच थांबला.
तळवे समोरासमोर धरले, अंगठ्याला अंगठा,
बोटाला बोट.
डाव्या करंगळीचं टोक
माझ्या जन्माआधी कातरीत गेलेलं.
त्या जागी शेडच्या भोकातून आलेलं ऊन होतं.

बराच वेळ तो ते बघत होता.
"इतक्या वर्षांच्या गाड्या," म्हणाला.
पुढे काही नाही.
प्रफुलनं डोकं खाजवलं, "राहू द्या मिस्त्री,"
आणि निळा रंग सुरू केला, तोही अर्ध्यात संपला,
म्हणून मागची फळी अजून लालच आहे.

पहिल्या फेरीला पोळा जवळ आला होता.
पांदणीच्या तोंडाशी गावातली अर्धी पोरं.
प्रफुल स्टिअरिंगवर, मिस्त्री त्याच्या डावीकडे,
मी मागे, लाल फळीला धरून.
गाडी उतरली, घसरली, चढली,
मधल्या खड्ड्यात पोटापर्यंत बसली
आणि गुरगुरत निघाली.
पोरं ओरडली.

तेवढ्यात डाव्या चाकानं,
पत्र्याबाहेर राहिलेल्या त्या दीड इंचानं,
ओंजळभर काळा चिखल उचलला
आणि बिनकाचेच्या खिडकीतून
थेट मिस्त्रीच्या तोंडावर.

प्रफुल थांबवायला लागला.
"चालू दे," मिस्त्री म्हणाला.
चष्मा धोतराला पुसला, नीट, दोन्ही काचा.
मग सीटवर आडवा झाला,
खिडकीबाहेर कमरेपर्यंत वाकला,
आणि हलत्या गाडीत, चिखलात,
चाकापासून पत्र्यापर्यंतचं अंतर
पुन्हा मोजलं,
या वेळी उजव्या हातानं.