आत्ता वाचणारे

रात्रपाळीला मी आणि हीटर, दोघंच.
भिंतीवरच्या पडद्यावर एक आकडा:
आत्ता वाचणारे – ४१२.
बाहेर पुंता अरेनासचा वारा पत्रे हलवून बघतोय,
कुठला सैल आहे ते.

संध्याकाळी एकाच बातमीला मी दोन मथळे दिले,
अर्ध्या गावाला एक, अर्ध्याला दुसरा.
'नळाच्या पाण्यात शिसं: पालिकेचा अहवाल' – नऊ जण.
'तुमच्या चहात काय आहे?' – अकराशे.
अकराशे जणांनी किटलीत डोकावून पाहिलं असेल.
अहवालाच्या शेवटापर्यंत पोचले सोळा.
त्यातली एक मी.

येर्को म्हणतो, काय हवं ते लोकांना विचारू नकोस,
त्यांच्या अंगठ्याला विचार.
येर्को वाईट माणूस नाही.
जाहिराती आटल्या त्या महिन्यात
स्वतःची जीप विकून त्याने आमचे पगार केले
आणि बोलला नाही;
जीप दिसेना, म्हणून कळलं.

दोन वाजेपर्यंत आकडा ओसरतो.
चाळीस. अकरा.
धक्क्यावर सी-लायनवर भुंकणाऱ्या कुत्र्यापाशी
चार जण जरा जास्त रेंगाळतात.
मग तीन वाजता, रोज, उरतो
एक.

सहा वर्षांपूर्वीचं पान. चार ओळींची बातमी.
'तिया उल्दा', खेकडे धरणारी होडी, सामुद्रधुनीत बुडाली.
तिघे होते. कोणी वाचलं नाही.
फोटो नाही. खाली गमबुटांची जाहिरात,
ती आपोआप येते,
ती काही समजून येत नाही.

चार ओळी, आणि हे माणूस थांबतं बावीस मिनिटं.
पोरवेनीर, पलीकडचा किनारा, एवढंच यंत्राला ठाऊक.
मला वाटलं, झोप लागत असेल फोन उघडा ठेवून.
पण नाही, बोट सरकतं.
पान वर जातं, खाली येतं.
चार ओळींत फिरायला जागा ती किती,
लहान खोलीत येरझारा घालाव्यात तशी.

मार्चअखेर आदेश आला: वर्षात शंभरही वाचक नसतील
ती जुनी पानं काढा, साठवणीचं भाडं वाढलंय.
एकच माणूस कितीही वेळा आलं तरी
यंत्र त्याला एकदाच मोजतं.
यादीत हे पान सातशे त्रेसष्टावं.
पुढे रकाना: ठेवा की काढा.
त्याच्या पुढे अजून एक: कारण.

काढायच्या आधी दुरुस्त्यांची पेटी उघडली.
ती इस्मेनिया सांभाळायची;
तिने नोकरी सोडल्यावर पेटी कुणाच्याच वाट्याला आली नाही.
होडीचं नाव टाकून शोधलं.
एकच पत्र, बातमीच्या दुसऱ्या दिवसाचं:

'तुम्ही ओरिएल लिहिलंय. ओसिएल आहे.
र नाही, स.
तो एकोणीसचा नव्हता, वीसचा होता,
मंगळवारीच झाला.
बाकी सगळं बरोबर आहे.'

बाकी सगळं बरोबर आहे.

मी र काढला. स घातला. एकोणीसचे वीस केले.
खाली तळटीप: या बातमीत दोन चुका होत्या,
त्या सहा वर्षं राहिल्या.
कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'काम चालू',
जे खोटं होतं, काम संपलं होतं.

त्या रात्री तीन वाजता एक आला.
मी हीटर बंद केला, का कोण जाणे,
आवाज नको म्हणून असेल.
चार मिनिटं. सहा.
नवव्या मिनिटाला शून्य.

मग कोणी आलं नाही. आज अकरावी रात्र.

सोमवारच्या बैठकीत येर्कोने तक्ता लावला:
रात्रीचा वाचनवेळ घसरलाय,
लाल बाण, तोंड खाली.
काय बिघडलं?
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, बघते.

बघते म्हणजे काय, तीन वाजले की
मीच ते पान उघडते.
पत्रा अजून वाजतोय, सैल कुठला ते सापडलेलं दिसतंय.
ओसिएल, वीस.
आत्ता वाचणारे – एक.
खाली गमबूट, आता अर्ध्या किमतीत.