हाव

शर्वाणी, ही खोलीची चावी.
कुलूप जुनं आहे, दार जरा स्वतःकडे ओढून फिरव.
जोर लावलास तर अडतं.
हे पहिलं प्रशिक्षण समज, बाकीचं फाइलमध्ये आहे.

टिश्यूचा डबा समोरच्याच्या हाताशी ठेव,
हातात देऊ नकोस.
रडणं आवर, असं ऐकू जातं त्याला.

मे महिन्यात इथे सेहेचाळीस.
कूलर चालू असला की शब्द ऐकू येत नाहीत,
बंद केला की ते प्लायवुडच्या पलीकडे
परीक्षा विभागाच्या रांगेत जाऊन उभे राहतात.
गारवा, गुपित आणि ऐकणं
तिन्ही एकदम देणारं बटण
विद्यापीठाने अजून मंजूर केलेलं नाही.
तेव्हा विचार : कूलर बंद करू का?
गेल्या वर्षी पल्लव गजभियेला
हा प्रश्न सुचायला चार महिने लागले.
तोवर तो ओठ वाचत होता
आणि अहवाल झकास लिहीत होता.

आता भाषेचं.
तू साताऱ्याची. इथली मुलं हो म्हणत नाहीत,
हाव म्हणतात.
झोप येते? हाव.
जेवतोस? हाव.
घरी माहीत आहे?
इथे हाव थोडा उशिरा येईल.
तो उशीर लिहून ठेव.
एक हाव असतो बूट घालून बसलेला,
म्हणजे, सोडा आता मॅडम, काटोलची बस जाईल.
एक नुसताच वाकून केलेला नमस्कार.
आणि क्वचित एखादा
मान न हलवता, फरशीच्या भेगेकडे बघत.
त्या वेळी पेन खाली ठेव.
आणि तो हाव एकटीने धरून बसू नकोस,
मी शेजारच्या खोलीत आहे,
दार वाजव, मीटिंग असली तरी.

माझं सांगते.
इंटर्न नव्हते तेव्हा, इंटर्नना शिकवत होते.
अहेरीकडचा मुलगा, एम.एस्सी.चा,
मेसमध्ये त्याच्या ताटाशेजारी कुणी ताट ठेवत नव्हतं.
मी म्हणाले, होईल रे सगळं नीट.
तो म्हणाला, हाव मॅडम.
परत आला नाही.
जूनच्या यादीत त्याचं नाव होतं, पास,
बोट ठेवून दोनदा वाचलं मी.
पण ते उत्तर मी तपासलंच नव्हतं
आणि त्याचं फेरमूल्यांकन होत नाही.

तुमच्याकडे हाव म्हणजे लोभ ना?
तीही आहे इथे. आपली.
पन्नास मिनिटांत कुणाला बरं करून टाकायची,
जाताना त्याने दारात हसावं
आणि ते हसू आपण डब्यात भरून घरी न्यावं.
मला अजून सुटते.
तुला सुटली तर लाजू नकोस, लपवू मात्र नकोस.

बुधवारी चारला ये माझ्याकडे.
छान झालेली बैठक नको आणूस.
परवानगी घेतलेल्या टेपमधलं ते मिनिट आण
जिथे तुला टेप थांबवावीशी वाटली.
गुण देणार नाही.
मलाही कळलं नाही तर तसं सांगेन,
मग दोघी शोधू,
नाहीतर लॉ कॉलेज चौकात जाऊ,
उरले असतील तर तर्री-पोहे खाऊ.
तिथे नाकाडोळ्यांतून पाणी आलं
तर कुणी कारण विचारत नाही.

अकराला पहिली मुलगी. गोंदियाची.
फॉर्मवर नाव चुकलंय तिचं,
तिलाच विचारून दुरुस्त कर, तिथून सुरुवात होईल.
अजून काय... हां, घड्याळ तुझ्यासमोर लाव,
तिच्यासमोर नाही.

भीती वाटते का गं?

कूलरचं पाणी टपकत राहिलं बादलीत.
मग तू म्हणालीस,
हाव.

मी पेन खाली ठेवलं.