केवळ महाराष्ट्र राज्यापुरता

शिक्का रबराचा. लाकडी मूठ
माझ्या आधीच्या तिघांच्या घामानं काळी पडलेली.
जांभळ्या पॅडवर दाबायचा, मग परवान्याच्या पुस्तकात
‘क्षेत्र’ या रकान्यावर:
केवळ महाराष्ट्र राज्यापुरता.
‘पु’चा उकार झिजलाय. हात जरा हलका पडला
की उमटतं, राज्यापरता.
साहेब म्हणतात, नवा मागवू. अकरा वर्षं म्हणतात.

बाळगोंडा मगदूम, माजी हवालदार, वय त्रेपन्न,
बँकेच्या रोकड गाडीवर बारा बोअरची दुनळी घेऊन बसतात.
रोज शाहूपुरी ते निपाणी.
कागल सोडून दूधगंगेचा पूल यायच्या आत
बंदूक चौकीत जमा, पावती खिशात,
पुढं नुसता पट्टा खांद्यावर.
“पेटीत चाळीस लाख, मॅडम, आन् हातात पावती.
चोराला काय ठावं, माझा परवाना कुठं संपतोय?
डायवरचं लायसन चालतंय पार बेंगळूरपर्यंत.
माझी बायको सौंदलग्याची, लगीन तिकडं लागलं,
ते हितं चालतंय न्हवं?”
मी म्हटलं, अर्ज करा.
करून झालाय. तीन वर्षं फाइल वर आहे.
वर म्हणजे कुठं, मलाही माहीत नाही.

अ‍ॅडव्होकेट शहनाज मुजावर आल्या नकला घ्यायला,
निकालांची चळत छातीशी, कडेला पिवळ्या चिठ्ठ्या.
“जगण्याचा हक्क घटनेनं माणसाला दिलाय,
जिल्ह्याला नाही.
मग जीव राखायचं साधन पुलावर का काढून घेता?”
बरोबर बोलतात. खिडकीआडून मान हलते माझी.
पण हक्क माणसाला असतो, बाई.
बंदूक अर्जाला मिळते.

आणि अर्ज मी वाचलेत.
राधानगरीकडचा एक. कारण: गव्यांपासून पीक संरक्षण.
ठाण्याचा अहवाल चांगला, तलाठ्याचा दाखला,
शिक्का माझा.
दोन वर्षांनी त्याच बंदुकीनं हळदीत बार काढला.
मांडवावर चढलेलं पोरगं, दहावीतलं,
दिव्यांची माळ हातात घेऊनच खाली आलं.
त्या शिवारात गवा कुणी पाहिलाच नव्हता.
चौकशीत पुस्तक परत माझ्या टेबलावर.
शिक्का स्वच्छ होता. उकारासकट.

तेव्हापासून डोक्यात येतं,
तिकडं बेळगावात अशाच एका टेबलापाशी
कुणी बाई बसत असेल. शिक्का कन्नडातला,
डब्यात माझ्यासारखीच भाकरी.
तिनं होय म्हटलेली बंदूक उद्या इकडं फिरली
तर मी मानायची का तिची सही?
तिला मी ओळखत नाही.
आणि हळदीनंतर, तिनं माझी का मानावी?
कोर्ट म्हणेल मान, तर मानू. नोकरी आहे.
पण निकालाच्या नकलेसोबत विश्वासही येतो,
की त्याला वेगळा स्टॅम्प लावावा लागतो?

आज मगदूम नूतनीकरणाला आले.
पट्टा तसाच. बंदूक नसतानाही हात तिथंच जातो,
दुखऱ्या दाताकडं जीभ जावी तसा.
शिक्का दाबला, फोन वाजला, हात हलला.
राज्यापरता.
चष्मा घरी विसरलेले, त्यांना दिसलं नाही.
वाटलं, जाऊ दे.
पुलावरचा शिपाई वाचून हसेल, कदाचित सोडेल.
चूक रबराची, माझी नाही.
मग ती माळ आठवली.
आणि निपाणीच्या रस्त्यावरचा त्यांचा रिकामा हात.
दोन्ही एकदम.

पेनचं टोपण काढलं. उकार दिला,
बाजूला आद्याक्षरी, तारीख.
“काय लिवलासा, मॅडम?”
काही नाही.
अक्षर पुसट होतं.