दोन गंज

सांगतो, पण चिंधूजींच्या नातवांना कळू देऊ नका.

खैरगावात नाल्याच्या अल्याड
वांग्याच्या भाजीचा रस्सा पातळ.
पातळ म्हणजे रोडगा चुरून मधे आळं केलं, वरून ओतला,
तर पत्रावळीच्या टाक्यातून पळून
मांडीला चटका देणारा.
पल्याड घट्ट. शेंगदाण्याचं कूट, भाजलेलं खोबरं, मूठभर जवस.
त्यात पळी उभी करा,
उभीच राहते, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखी.

बाकी सगळं एकच होतं. एक मारुती, एक विहीर,
सोयरिकी इकडून तिकडे.
फक्त बैठकीत सगळं ठरल्यावर
पोरीचा बाप हळूच विचारायचा,
"तुमच्याकडं पातळ खातेत का घट्ट?"

चिंधूजी तायवाडे म्हणायचे,
"रस्सा कसा, त मनगटावरून कोपरापर्यंत गेला पाह्यजे.
नाई त तो रस्सा कायचा? लिंपण हाय ते."
गुणवंत बोबडे पान थुंकून,
"पाण्यात वांगे धुतले आन् म्हने भाजी!
म्हशीची ढेप याहून दाट कालवतो आमी."
गुणवंतचा धाकटा भाऊ एकदा सासुरवाडीहून शिकून आला,
म्हणाला, चिमूटभर गूळ टाकून पाहू का?
त्याच्याशी दोन्ही काठांनी
आठ दिवस बोलणं टाकलं.

मग एका वर्षी हनुमान जयंतीच्या भंडाऱ्यासाठी
ग्रामसभेत ठरावच आला.
सूचक, अनुमोदक, सह्या, अंगठे.
दोन चुली, दोन गंज.
मी अकरावीत नापास, म्हणून वाढपी.

गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत रोडगे फुगत होते.
मिरचीची फोडणी अशी बसली
की मारुतीसुद्धा शिंकला असेल.
दोन पंगती, पाठीला पाठ लावून.

तिसऱ्या पंगतीला लाइन गेली.
अंधारात माझा पाय पातळाच्या गंजाच्या कडीत.
अर्ध्याहून जास्त रस्सा मातीनं पिऊन टाकला.
मातीनं काही तक्रार केली नाही.

काय करणार होतो?
घट्टाचा गंज कलता केला, अर्धा यात ओतला,
वरणाचं आधण होतं तापलेलं,
ते दोन्हीत, हंड्या-हंड्यानं, अंदाजानं,
हात थरथरत होते, अंदाज तरी कसला.
लाइन आली तेव्हा दोन्ही गंजांत
एकच काहीतरी होतं.
त्याला आमच्या गावात शब्द नव्हता.

चिंधूजींनी भुरका मारला. ओघळ कोपरापर्यंत गेला नाही,
तरी त्यांनी कोपर चाटलं.
"हे पाह्य! याले म्हंतेत रस्सा."
गुणवंतनं तीनदा मागून घेतलं
आणि मागच्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाला,
"पाणी पेणाऱ्यांनो, या इकडं, चाटाले देतो."

फक्त फुलझेला मावशी पहिल्या घासाला थांबली.
ती जन्मली अल्याड, दिली पल्याड.
चाळीस वर्षं नवऱ्यासाठी घट्ट रांधलं,
सगळे जेवून उठले की चुलीआड
स्वतःपुरतं वाटीत काढायची
आणि गडव्यातलं थोडं पाणी घालायची.
हे मला फार नंतर कळलं, तिच्या सुनेकडून.
त्या रात्री तिनं नुसतं माझ्याकडं पाहिलं,
माझ्या भिजलेल्या पायजम्याकडं पाहिलं,
पत्रावळ पुढं सरकवली.
"वाढ."

आता भंडाऱ्याला वर्ध्याहून केटरर येतो.
पनीर आणतो, लालभडक, त्याला ग्रेव्ही म्हणतो.
त्यावर मात्र दोन्ही काठांचं एकमत आहे.
चिंधूजी गेले, गुणवंतला डॉक्टरनं तिखट बंद केलं,
नाल्यावर पूल झाला.
तरी लग्नाच्या घरी कोणी ना कोणी
मला बाजूला घेऊन विचारतंच,
तुम्ही सांगा, पातळ का घट्ट?

मी मीठ कसं झालंय ते सांगतो.