इथे नाव लिहा

टायटलचं बटन दाबलं
की पडद्याच्या मधोमध आपोआप उगवतं:
इथे नाव लिहा.

उद्यमनगरातल्या फौंड्रीची पंचवीस वर्षं,
बारा मिनिटांची फिल्म, उद्या संध्याकाळी कार्यक्रम.
मालकांचं नाव सोनेरी केलं, खाली सावली टाकली,
डावीकडून सरकत येतं, सहा सेकंद थांबतं.
मॅनेजर पांढऱ्यात. चार सेकंद.
बाकीचे एका रोलमध्ये, तळातून वर.

यादी व्हॉट्सॲपवर आली, वहीच्या पानाचा फोटो,
कोपऱ्यात कपाचा गोल डाग,
एकेचाळीस नावं, आणि सगळ्यात खाली
कोअरवाली धुरपाक्का.

सुपरवायझर मगदूमला फोन लावला.
पूर्ण नाव?
"धुरपाक्काच की ओ. सगळी तेच म्हणत्यात."
पगारपत्रकावर?
"ती ठेकेदाराकडं असती."

राजारामपुरी सातव्या गल्लीत
रात्री दीडला एकच खिडकी जागी,
आणि रोलच्या शेवटी ती चौकट, लुकलुकत:
इथे नाव लिहा.

सकाळी गाडीला किक मारली.
भट्टी अजून थंड होती.
ती कोपऱ्यात वाळूत तेल कालवत होती,
भाकरीचं पीठ मळावं तशी,
मग पेटीत दाबायची, अलगद पालथी घालायची.
"पंपाच्या पोटात पोकळी असती न्हवं,
ती मी करतो.
लोखंड गार झालं की ह्यो फोडून काढायचा.
ऱ्हातंय ते भोक. तेवढं माझं."

नाव विचारलं तर हसली.
"कुठलं घालतोस? सासरचं का म्हायेरचं?"
तुम्ही सांगाल ते.
तिनं दोन्ही हात पदराला पुसले,
जणू लिहायला तिलाच बसायचं होतं.
"द्रौपदी ज्ञानू बोंगार्डे.
पत्रिकेवर छापलंतं एकदा.
हळद निघायच्या आत बदललं."

दुकानात येऊन टाइप केलं.
सॉफ्टवेअरला जोडाक्षर झेपेना.
द लंगडा, र एकटा,
मात्रा हवेत, कुणाच्याच डोक्यावर नाही,
बापाच्या नावातला ज्ञ तर फुटून दोन तुकडे.
तीन फॉन्ट झाले. चौथ्यात द्रौ जुळलं
तर बोंगार्डेतला रफार गेला.
अकरा वाजले.
बारा.

शेवटी कोरा कागद घेतला, स्केचपेन घेतलं.
माझ्या अक्षराला शाळेत मास्तरांनी कायम नावं ठेवली,
त्याच अक्षरात तिचं नाव लिहिलं,
फोटो काढला, पांढरं उडवलं,
एकेचाळीस सरळ ओळींखाली चिकटवलं.
रोल वर निघून जातो,
हे मात्र मधोमध थांबतं.
किती सेकंद, मोजले नाहीत.

मालकांनी दुपारी पाहिली. खूश.
परत मागं घेऊन म्हणाले,
"एवढं एकच वाकडं का रे?"

ते हातचं आहे, म्हटलं.